दुरुस्त करून परत

परवा पुण्याला जाताना मी मध्येच कर्जतला उतरलो. उतरायचं काही कारण नव्हतं. गाडी थांबली, खिडकीतून फलाट दिसला, आणि पिशवी उचलून मी चक्क खाली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी "अहो, पुणं यायचंय अजून!" म्हणून हटकलंसुद्धा. मी "हो हो" म्हणालो आणि उतरलोच. मग गाडी गेली आणि पुढची यायला दीड तास होता.

फलाटावर आता धुराचा मागमूस नाही. विजेची इंजिनं आली आहेत, ती येतात कधी आणि जोडतात कधी, कळतसुद्धा नाही. मी इथल्या शाळेत मास्तर होतो तेव्हा घाट चढायला गाडीला मागून कोळशाचं इंजिन लावत. ते लागताना डब्यांना जो हिसका बसे, त्याचा आवाज भिसेगावातल्या आमच्या खोलीपर्यंत यायचा. कोळशाचा वास तर धोतराला, उशीला, पोरांच्या वह्यांना. आई म्हणायची, "इथं वरणाला फोडणी दिली तरी इंजिनाचा वास येतो." तेव्हा मला तो वास नकोसा व्हायचा. परवा मात्र नाक वर करकरून तोच शोधत बसलो होतो. एका हमालाने विचारलंही, काय हरवलंय का म्हणून.

हरवलंय खरं. या फलाटावर एका रविवारी माझा मित्र माझी वाट बघत बसला होता, आणि मी दहा मिनिटांच्या अंतरावर असून गेलो नाही. त्याला आता वीस वर्षं होत आली. एवढी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून टाकलं, बरं झालं.

त्याचं नाव इस्माईल. खालापूरचा. तिथं त्याच्या वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. इंग्रजी शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो, आणि तिथल्या हेडमास्तरांनी लावून दिलेली एक सवय आम्हांला जन्माची चिकटली. ते वर्गात जोड्या लावून देत. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला आठवड्याला एक इंग्रजी पत्र लिहायचं. जोडीदाराने त्याला उत्तर द्यायचं नाही. लाल शाईने चुका दुरुस्त करायच्या, खाली शेरा मारायचा आणि तेच पत्र ज्याचं त्याला परत करायचं. मॅट्रिक झाल्यावर बाकीची पोरं सुटली. आम्ही दोघे मात्र सुटलो नाही. मी कर्जतला इंग्रजी शिकवायला लागलो, तो बापाच्या गादीवर बसला, आणि पत्रं चालूच राहिली. माझं पत्र खालापूरला जाऊन तांबडं होऊन येई, त्याचं कर्जतला येऊन तांबडं होऊन जाई.

लिहायचं काय, हा प्रश्न कधी पडला नाही. पत्रलेखनाचं एक जाडजूड पुस्तक आमच्यापाशी होतं. मित्राचं सांत्वन, कलेक्टरांना पुलाबद्दल अर्ज, परदेशी निघताना निरोप, असे पन्नास-साठ विषय त्यात होते. ते आम्ही आळीपाळीने घेत असू. त्यामुळे पत्रांत काय वाटेल ते घडे. मी एकदा आगबोटीवरून समुद्रात पडलो. इस्माईल दोनदा मॅजिस्ट्रेट झाला. त्याचे एक काका तर चार वेळा वारले, आणि प्रत्येक खेपेला मी त्या काकांच्या मरणातली क्रियापदं दुरुस्त केली. काका ठणठणीत होते. खोपोलीच्या बाजारात मला भेटत, तेव्हा मलाच चोरट्यासारखं वाटे.

भांडणं मात्र खरी होती, आणि काय सांगू, त्यांची चव वेगळी होती. पावसाला इंग्रजीत मांजरं-कुत्री पडतात असं म्हणतात, तर इस्माईलने लिहिलं की खालापुरात काल बेडूक नि खेकडे पडले. मी ते लाल रेघ मारून कापलं. पुढच्या पत्रात पुन्हा तेच, खाली टीप: 'तुझा इंग्रज पाताळगंगेला पूर आल्यावर इकडे आलेला दिसत नाही.' मी पुन्हा कापलं. त्याने पुन्हा घातलं. तीन पावसाळे बेडूक-खेकडे पडत राहिले आणि मी ते कापत राहिलो. 'शॅल' म्हणायचं की 'विल', यावर तर आम्ही एकदा दिवाळीत समोरासमोर हमरीतुमरीवर आलो. दोघेही व्याकरणाची पुस्तकं बगलेत मारून याच स्टेशनावर उभे. शेवटी घाटाच्या इंजिनावरच्या गोऱ्या ड्रायव्हरला विचारू, तो म्हणेल ते खरं, असं ठरलं. तो बिचारा खाली उतरून तोंड धूत होता. आम्ही अदबीने प्रश्न घातला. त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि उत्तरादाखल जे वाक्य फेकलं, त्यात कर्ता नव्हता, क्रियापद नव्हतं, होती ती एक अस्सल शिवी.

इस्माईल पोट धरधरून हसला. "बग रं मास्तर," तो म्हणाला, "त्याची मायबोली हाय ती, त्याला काय बी चालतं. मरायचं ते आपणच!"

मी हसलो नाही. मला राग आला होता, त्या ड्रायव्हरचा आणि इस्माईलचाही. माझा स्वभावच तसा. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की मला आतून गुदगुल्या होतात. मास्तरकीत तो गुण मानतात.

माझं पत्र कर्जतहून निघताना नुसतं शाईच्या वासाचं असे. परत येताना गुळाचा, घासलेटाचा, सुक्या बोंबलाचा वास घेऊन येई. आई ते पाकीट दोन बोटांत धरून माझ्यासमोर टाकायची. "आलं हो तुझं मासळीपत्र." पावसाळ्यात ते ओलं असायचं, लाल शाई फुटून समासात फुलं झालेली. मळण्या चालू असल्या की त्यात भाताचं तूस निघायचं. चैत्रात ठाकरणी डोंगरातून करवंदं घेऊन आमच्या शाळेच्या दाराशी बसत, मी द्रोणभर घेऊन खात खात तपासायचो, म्हणून त्याच्या पत्रांवर माझ्याकडून जांभळे डाग जात. त्या डागांवरही त्याचा एकदा शेरा आला होता: 'या चिन्हाचा अर्थ पुस्तकात सापडला नाही.' तपासायचं ते रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर. पत्र शुक्रवारी आलं तरी रविवारपर्यंत मी ते फोडत नसे. इस्माईललाही हे ठाऊक होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्याआधी एक फजिती झाली, ती सांगायला हवी, नाहीतर माझ्या वागण्याचा अर्थ लागणार नाही.

एका उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं, की दुकानाला आग लागली, सगळं गेलं, आम्ही उघड्यावर आलो. वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. शाळेला निरोप धाडला, खोपोलीची गाडी धरली, खोपोलीहून खालापूरपर्यंत उन्हातान्हात पायी गेलो. बघतो तर दुकान जागच्या जागी, आणि इस्माईल गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला मिरच्या मोजून देतोय. मला पाहून त्याच्या हातातलं माप खाली पडलं. आधी तो घाबरला, मग सगळं ध्यानात आल्यावर हसत सुटला. त्याची थोरली बहीण हलीमा, तिला तो आपा म्हणायचा, ती नवरा गेल्यापासून माहेरीच होती, तीही माजघरातून पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली.

"पानी तरी घ्या मास्तर," ती म्हणाली. "आग इझवायला आला नव्हं?"

मी त्यांच्याकडे केळी आणि दूध एवढंच घेत असे. आई होती तोवर मला ते सोवळं मोडवलं नाही, आणि त्यांनीही कधी आग्रहाने अडचणीत आणलं नाही. त्या दिवशी मी दूधसुद्धा घेतलं नाही. फणकाऱ्याने परत फिरलो. पुढं वर्षभर त्याच्या प्रत्येक पत्राखाली 'आग विझली आहे, यायची तसदी घेऊ नये' असं लिहिलेलं असे. मी मनाशी गाठ बांधली की पुन्हा म्हणून याच्या पत्रावर विश्वास ठेवायचा नाही.

चौदा सालची लढाई संपल्यावरचं वर्ष. दिवाळीला तो भेटला तेव्हा जरा गप्पगप्प होता. आफ्रिकेतल्या मामाचं काहीतरी बोलायला लागला, इंग्रजीतच, कारण भेटल्यावर पहिला तासभर इंग्रजीतच बोलायचं हाही आमचा नेम. त्याने एक शब्द चुकवला. मी तो तिथल्या तिथं दुरुस्त केला. त्याने मान डोलावली, मग विषय दुसरीकडेच गेला. मामाचं काय, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने एक पाकीट आलं. शुक्रवारी आलं, रविवारी जेवण झाल्यावर मी ते फोडलं. दौत, टाक, टीपकागद, सगळं मांडून बसलो होतो. अक्षर वेडंवाकडं, आणि चुका! पहिल्या चार ओळींतच सहा. मी खूश झालो. अगदी खरं सांगतो, मला उकळ्या फुटल्या. इतक्या चुका त्याने शाळेतसुद्धा कधी केल्या नव्हत्या.

पत्रात लिहिलं होतं ते असं: मी मामांच्या दुकानात आफ्रिकेला जात आहे. रविवारी सकाळच्या गाडीने खोपोलीहून कर्जतला येतो. मुंबईची गाडी अडीचला आहे. तोवर स्टेशनवर आहे. परत कधी येईन सांगता येत नाही. तू ये. मला भीती वाटते.

आई निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणतो इस्माईल?"

"आफ्रिकेला निघालाय."

"अगंबाई! कधी?"

"छे गं. पुस्तकातला धडा आहे तो. परदेशी जाताना मित्राचा निरोप. हा विषय त्याचा राहिलाच होता."

"आणि खरंच निघाला असला तर?"

"आगीचं विसरलीस वाटतं?"

आईने तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "स्टेशन काय काशीला आहे का? ये की जाऊन. पाय झिजणार आहेत का तुझे?"

"पुन्हा वर्षभर हसेल तो मला," मी म्हणालो, आणि टाक शाईत बुडवला.

ते पत्र मी तासभर तपासलं. इतकं मन लावून मी कधीच काही तपासलं नव्हतं. सव्वीस चुका निघाल्या. 'मला भीती वाटते' या वाक्यातही एक सुधारणा केली. खाली शेरा लिहिला, आणि तो मला अक्षरश: पाठ आहे: 'भावना कृत्रिम आहेत. लिहिणारा खरोखर कुठे निघाला आहे असे वाटत नाही.' शेऱ्यावर टीपकागद दाबत होतो तेव्हा स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. मी ती ऐकली. रोजचीच शिट्टी होती, आणि अडीच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाकीट टपालात टाकलं. दुपारी घरी येतो तो वाटेत स्टेशनावरचा रामा हमाल भेटला. भिसेगावातलाच, त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता.

"मास्तर," तो म्हणाला, "काल तुमी आला नाय? तुमचं ते खालापूरचं दोस्त बसलं व्हतं की. मोठी पेटी, वळकटी. बोटीवर जायचं म्हनत व्हतं."

"किती वेळ?" मी विचारलं.

"सकाळधरनं. मी म्हनलं बोलावून आनतो, तर नाय म्हनाले. येतील म्हनाले."

मी तसाच मागे वळून टपालकचेरीत धावलो. खोपोलीची थैली सकाळीच गेली होती. तिथला कारकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, "मास्तर, बसा, पाणी घ्या," म्हणाला. मी बसलो. पाणी काही प्यायलो नाही. घरी गेल्यावर आईने नुसतं ताट मांडलं. ती बोलली असती, मला चार शब्द सुनावले असते, तर फार बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी खालापूरला गेलो. हलीमा दुकानाच्या पायरीवर सूप घेऊन बसली होती. मला बघून उठली, पण हसली नाही.

"आला व्हय मास्तर. बसा."

मी विचारलं, माझं एक पाकीट आलं का?

"आलं की. बुधवारी आलं." ती म्हणाली. "मामूच्या पत्त्यावर धाडून दिलं पुडं. म्हटलं, त्याला तुमच्या लाल शाईचं लई कवतिक. बोटीवरनं उतरल्या उतरल्या हाती पडंल, तेवढाच जीव रमंल त्याचा."

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मग धीर करून तिला विचारलं, त्या दिवसापासून जे मनात खुपत होतं ते. माझी खोली दहा मिनिटांवर. मी नाही आलो, तर तो का नाही आला? हे विचारताना माझ्या आवाजात थोडा आरोपही होता, तो मलाच ऐकू आला.

"मी व्हते ना त्याच्यासंगं ठेसनापातुर," हलीमा म्हणाली. "मी म्हटलं त्याला, उठ रं, जाऊन ये मास्तरांकडं, पेटी मी सांभाळते. तर नाय म्हणाला. म्हणाला, आपा, भिसेगावास्न यायच्या दोन वाटा हायत. एक सडकेनं, एक शेताच्या बांधावरनं. मी हितनं जायचा नि तो तिकडनं यायचा. चुकामूक झाली तर? त्यापरीस हितंच बसलेलं बरं. तो निगाला असंल."

मग ती सूप घेऊन पुन्हा पाखडायला लागली. थोड्या वेळाने माझ्यापुढे केळी आणून ठेवली. मी ती खाल्ली. त्या दिवशी तिने भाकरी वाढली असती तर तीही खाल्ली असती, पण तिने वाढली नाही, आणि मला मागता आली नाही.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. पाऊस आला, गेला. मळण्या झाल्या, बांधावर पेंढ्याच्या गंजी लागल्या, कर्जतभर त्या पेंढ्याचा गोडसर वास. टपालवाला आमच्या दारावरून पुढे जायचा. रविवारी दुपारी मी दौत मांडून बसायचो आणि तशीच उचलून ठेवायचो. त्याला लिहायला घेतलं की इंग्रजी वाक्यं आपोआप त्या पुस्तकातल्यासारखी उमटत. 'मला अत्यंत खेद होत आहे.' हे वाक्य त्या पुस्तकात निदान दहा ठिकाणी आहे! मराठीत लिहावं, तर आमच्यात मराठीत लिहायचं नाही हा पहिला नियम. किती कागद फाडले त्याला गणती नाही. गावात कुणाशी वाद घालायचा तर कुणाला 'शॅल' आणि 'विल'चं सोयरसुतक नव्हतं. हेडमास्तर म्हणत, मास्तर, तुम्ही म्हणाल तेच बरोबर. सगळेच असं म्हणत. मी म्हणेन ते बरोबर ठरायला लागलं, आणि मला ते खायला उठे.

शेवटी आई गेली त्या हिवाळ्यात पत्र लिहून झालं. इंग्रजीतच लिहिलं. आई गेल्याचं लिहिलं. त्या रविवारी आई काय म्हणाली आणि मी काय म्हणालो, ते लिहिलं. शिट्टी ऐकल्याचंही लिहिलं. आई गेल्यावर मला कळलं की खरं दु:ख लिहिताना हात खरोखर चुकतो, शब्द जागा सोडतात. त्या चुका मात्र मी सगळ्या काढून टाकल्या, मला राहवलं नाही. मग सगळं पुन्हा वाचलं आणि वाटलं, यात त्याला करायला काही उरलंच नाही. म्हणून मी मुद्दाम दोन चुका घातल्या. साध्यासुध्या नव्हे, पहिलीतल्या पोराने बोट ठेवावं अशा ढोबळ. एक पहिल्याच ओळीत, आणि दुसरी सहीच्या अगदी वर. म्हटलं, त्यांवर तो तुटून पडेल. समासात दोन शिव्या लिहील, ड्रायव्हरची आठवण काढील. मला तेवढं पुरणार होतं.

सात महिन्यांनी पाकीट आलं. पत्ता त्याच्या हातचा, तिकिटं परकी. गुळाचा वास नव्हता की मासळीचा. कुठलाच वास नव्हता. शुक्रवार होता, पण रविवारपर्यंत थांबण्याइतका दम मला नव्हता. दारातच फोडलं. आत माझं पत्र होतं, नियमाप्रमाणे परत आलेलं. मी घातली होती त्याहून वेगळी घडी होती, म्हणजे उघडून वाचलेलं होतं. घडीवर कागद विरला होता, म्हणजे पुष्कळदा उघडलेलं असावं.

पहिल्या ओळीतली चूक तशीच होती. सहीच्या वरची तशीच होती. मी कागद उलटून पाहिला, उजेडाला धरून पाहिला, पाकीट फाडून आतली बाजू पाहिली. लाल शाईचा एक ठिपकासुद्धा कुठे नव्हता.